बिनपायांची धाव

घड्याळ चालतं, असं आपण म्हणतो. इंग्रज म्हणतो, घड्याळ धावतं.

एकदा हे लक्षात आलं की त्याच्या भाषेत बरंच काही धावताना दिसू लागतं. इंजिन धावतं, पंखा धावतो. नळातून पाणी धावतं. सर्दी झाली की नाक धावतं. कच्च्या रंगाची साडी भिजवली की तिचा रंग धावतो. दूध संपलं, तर तेही धावत बाहेर गेलेलं असतं. ‘रन’ हे एवढंसं क्रियापद, आणि त्याच्यामागे बिनपायांची ही मिरवणूक.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेले आहेत. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने या एकाच शब्दापाशी बसून होते. बसून, हे विशेष. कोशाची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. तेव्हापासून सगळ्यात लांब नोंदीचा मान बरीच वर्षं ‘सेट’कडे होता. नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २००० मध्ये ‘मेक’ त्याच्या पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं. नावं पाहा. मांडणे, करणे, ठेवणे, धावणे. यातला एकही शब्द भारदस्त नाही. कुणी भाषणात टाळ्या घ्यायला हे शब्द वापरत नाही.

त्याच्याही आधी, १७५५ मध्ये, डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश निघाला. त्यात ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ आहेत. छापील पाच पानं एका ‘घेणे’पायी गेली. प्रस्तावनेत जॉन्सन यांनी अशाच क्रियापदांबद्दल तक्रार केली आहे. मोठमोठे लॅटिन शब्द त्यांनी सहज पेलले. हाती लागले नाहीत ते हे किरकोळ.

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला हे दुखणं कुणी समजावून सांगायला नको. तर्खडकरांच्या पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या. आपल्याला ‘एक्स्टिंग्विश’ येतो, ‘पुट आउट’ म्हणताना जीभ अडखळते. ‘टॉलरेट’ येतो, ‘पुट अप विथ’ येत नाही. जड शब्द पाठ करता येतो. त्याला एक अर्थ असतो, तो घेऊन तो जागच्या जागी बसलेला असतो. हलका शब्द मात्र शेजारी कोण बसलंय ते पाहून बोलतो. त्याला ओळखायचं तर त्याच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना ओळखावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. बहुतेकांचा जन्म परक्या भाषेच्या ओसरीवरच जातो.

‘रन’चं मूळ काम पायाचं. माणसं धावत, घोडे धावत. पाणी वाहण्यालाही तोच शब्द जुन्या काळापासून होता. मग यंत्रं आली. मागून कुणी ढकलत नाही, पुढून कुणी ओढत नाही, तरी जे आपल्या आपण हलतं, त्याला काय म्हणायचं, असा प्रश्न पडला असेल. जवळचा शब्द हाताशी होता, तोच लावला. पुढे संगणक आला, तर त्याच्या आतला प्रोग्रॅमही धावू लागला. तिथे हलताना दिसत काहीच नाही. नाही तरी त्यांचा रस्तासुद्धा दोन गावांमधून धावतो. डांबर तिथल्या तिथे पडून असतं. आपण यावर हसू नये, आपलाही रस्ता ‘जातो’च.

आपलं धावणं मात्र फार काळ जिवंत प्राण्यापाशी राहिलं. पडलेल्या पोराकडे आई धावते. अडीअडचणीला शेजारी धावून येतो, आणि भांडण झालं तर तोच अंगावर धावून येतो. भक्त देवाचा धावा करतो, कारण देवानेही धावतच यावं अशी अपेक्षा असते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत का होईना, पण ती सरड्याची असते. मराठीत धावायला कुणीतरी लागतो, आणि ज्याच्याकडे धावायचं असाही कुणीतरी लागतो. आगगाडी आली तेव्हा ही अट पहिल्यांदा सैल झाली असावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी ‘धावली’, असंच आपण आजही लिहितो. गणपतीत कोकणासाठी जादा गाड्या ‘धावणार’ असतात. प्रवासी मात्र बोलताना गाडी वेळेवर चालतेय का, असंच विचारतो. धावते ती बातमीतली गाडी.

बैलगाडीच्या चाकाला धाव असते, ती वेगळी. लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. तिचा घेर चाकापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. लोहार ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतो. मग दोघं-तिघं चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवतात, घण घालतात आणि लगेच पाणी ओततात. लाकूड क्षणभर पेटतं, धूर होतो. लोखंड आकसतं आणि आरे, तुंबा, सगळ्यांना आवळून धरतं. रस्त्याला टेकते ती एवढी धावच. बाकीचं चाक जमिनीला शिवत नाही. भाषेत ‘रन’, ‘सेट’, ‘पुट’ यांचं काम मला तसलं वाटतं. फरक एवढाच की लोखंडी धाव झिजून पातळ होते, आणि शब्द वापरून वापरून रुंद होतो.

रुंद होता होता तो कुठल्या कुठे जातो, हे क्रिकेटमध्ये पाहावं. पूर्वी इंग्लंडात गुण मोजणारा काठीवर सुरीने खाच पाडायचा. एक धाव म्हणजे एक खाच. खाच हा शब्द मागे पडला, धाव उरली. आता फलंदाज चेंडू सीमेपार टोलवतो आणि बॅटीच्या टोकाने खेळपट्टी ठोकत उभा राहतो. पाऊल न उचलता त्याच्या नावावर चार धावा जमा. याचं धावतं वर्णन करणारा खुर्चीत बसलेला असतो. पळतो तो एकटा क्षेत्ररक्षक. त्याच्या धावण्याची धाव कुठेच लिहिली जात नाही.

राजकारणातही गंमत आहे. अमेरिकेतला उमेदवार अध्यक्षपदासाठी धावतो. भाषा तीच, पण इंग्लंडातला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. मग निवडून येतो, आणि बसतो.

ते धावणारे, आपण चालणारे. त्यांची घाई, आपला निवांतपणा. असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो ज्याला होईल त्याने सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर जाऊन उभं राहावं. क्रियापदावरून माणसांचा स्वभाव ठरत नाही. फार तर एवढं कळतं की कुठल्या भाषेने कुठल्या शब्दाला राबवून घेतलं. इंग्रजीने ‘रन’ला राबवलं. आपण चालण्याला.

आणि राबवलं तेही कसं! दुकान चालतं, नाटक चालतं, खटला चालतो. गाण्याला चाल असते, घराण्याला चालीरीती असतात. कामाची चालढकल होते. ‘चालू’ म्हटलं की तो दिवाही असेल किंवा बेरकी माणूसही. ‘चालते व्हा’ म्हटलं की दार दाखवलं. पण या शब्दाची खरी करामत परवानगीत आहे. ‘चहा चालेल?’ ‘चालेल.’ इथे कुणीच कुठे जात नाही. उपासाला साबुदाणा चालतो, कांदा चालत नाही. भेंडी चालते का, यावर घरोघरी वेगळं मत, आणि प्रत्येक घराला आपलं मत शास्त्रात आहे अशी खात्री. बटाट्याला पाय फुटून तो एकादशीच्या ताटापर्यंत चालत येतो, आणि कांदा दारातच अडतो. ६४५ अर्थांचा तो धनी, पण उपासाला काय चालतं हे सांगायला त्याचा उपयोग नाही.

एका ठिकाणी मात्र दोघं भेटतात. घर चालवणं. इंग्रजीतही ते ‘रन’च. तिथे धावणाऱ्याला कर्म मिळतं, आपल्या चालण्याला ‘चालवणे’ असं रूप मिळतं, आणि घर, शाळा, कारखाना यांच्यामागे एक माणूस आहे हे कळतं. चालण्यात तो दिसत नाही, चालवण्यात दिसतो. पण व्याकरणाने दिलेली ही जागा माणसं सहसा घेत नाहीत. विसाव्या तारखेलाच डब्यातल्या पैशांचा तळ दिसू लागतो. दुधाचं बिल द्यायचं असतं. सासूबाईंच्या गोळ्या संपत आलेल्या असतात, धाकट्याच्या क्लासची फी राहिलेली असते. घर चालवणारी बाई भाजीवाल्याकडून चार रुपये सोडवून घेत असते, आणि तेवढ्यात ओळखीचं कुणी विचारतं, ‘काय, कसं चाललंय?’ ‘चालवतेय’ असं ती म्हणत नाही. ‘चाललंय’ म्हणते.

‘चालायचंच,’ म्हणून समोरची व्यक्ती कोथिंबिरीची जुडी उचलून बघते.