पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो

बुद्धिबळाच्या कोड्याखाली एक छोटी ओळ छापलेली असते: पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो. अर्धं कोडं ही ओळच सोडवते. जिंकता येतंय एवढं कळलं की माणूस बिनदिक्कत वजीर मारायला देतो. तोच माणूस स्पर्धेत तीच मांडणी समोर आली तर निमूटपणे कडेचं प्यादं एक घर सरकवतो. त्यात हल्ली लिचेससारख्या संकेतस्थळांवर थीम निवडून कोडी सोडवता येतात. फोर्क, पिन, डिकॉय, हवं ते मागा. मग शोधायला उरतं काय?

मुलांची सगळ्यात लाडकी म्हणजे राजाला कोंडून केलेली मात. काळा राजा एच ८ वर, कोपऱ्यात. पुढे जी ७ आणि एच ७ वर त्याचीच प्यादी, हत्ती एफ ८ वर. पांढरा घोडा एच ६ वर, वजीर सी ४ वरून तिरका रोखलेला. तो वजीर थेट जी ८ वर जाऊन बसतो. राजाला तो मारता येत नाही, घोड्याचा जोर आहे. हत्तीलाच मारावा लागतो. आणि मारताना हत्ती राजाचं एकमेव मोकळं घर अडवतो, वर एफ ७ चा पहाराही सोडतो. घोडा एफ ७ वर. मात. राजाभोवती त्याची माणसं एवढी, की हलायला जागा नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून प्रतापगडाकडे निघालं की ही मात हटकून आठवते. वाईच्या मोकळ्या मुलखात अफजलखानाचं बळ होतं. तिथून तो जावळीच्या रानात आला, गडाखाली पारला त्याची छावणी पडली, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला घोडदळ, तोफा, हत्ती सगळं जवळ असून त्याच्या कामी आलं नाही. डिकॉय, म्हणजे आमिष दाखवून नको त्या घरात ओढणं! पुस्तकात छापावं इतकं चोख उदाहरण.

चोख आहे म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. पटावरच्या वजिराने शह दिलेला असतो. काळ्यापुढे दुसरा इलाजच नसतो. खानाला कुणी शह दिला नव्हता. तो वाईलाच तळ देऊन बसला असता तर? त्याला जावळीत आणलं ते पंताजी गोपीनाथांच्या बोलणीने, शिवाजीराजे भ्याले आहेत या समजुतीने. पटावर याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आहे: शांत चाल. ना शह, ना मारामारी. कोडी सोडवणाऱ्यांना तीच सापडत नाही, कारण आधी शह बघ, मग मारणं बघ, मग धमकी बघ, असंच त्यांना शिकवलेलं असतं.

शिवाय कोडं सुरू होतं ते डाव मध्यावर आल्यावर. आधीच्या खेळ्या कापून टाकलेल्या. जावळी मोऱ्यांकडून १६५६ मध्ये घेतली, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला, तेव्हा अफजलखानाची स्वारी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. हे सगळं ‘डिकॉय’ या एका शब्दात मावत नाही. घाट जिथून सुरू होतो त्या पोलादपुरातच ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी हा प्रसंग रंगवला तोही निकाल ठाऊक असताना. पांढरा जिंकतो ही ओळ प्रत्येक बखरीखाली, प्रत्येक पोवाड्याखाली न छापताही असतेच.

जुन्या देशी कोड्यांची गंमत निराळी. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या संस्कृत मांडण्यांचं इंग्रजी पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत छापलं गेलं. देशी खेळात प्याद्याने केलेल्या मातेला मोठा मान. तेव्हा मात करायची ती प्याद्यानेच, अशी अट त्या कोड्यांत भेटते. थीम तिथेही आधीच सांगितलेली, पण मदत म्हणून नव्हे. वजिराने सहज होणारी मात सोडून द्यायची म्हणजे उलट काम वाढलंच!

खऱ्या डावात मदतही नसते आणि अटही नसते. २८ जुलै २०२५ ला बाटुमीत नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हंपीसमोर बसली होती. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली आणि त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली. हंपीच्या चुका झाल्या त्या वेळेच्या ओढाताणीत. आता काहीतरी आहे, शोध, असं दिव्याच्या कानात सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

क्लास चालवणाऱ्यांना म्हणून एक सुचवावंसं वाटतं. कोड्यांच्या प्रत्येक पानावर दोन-तीन अशा मांडण्या घाला जिथे काहीच नाही: फोर्क नाही, मात नाही, राजा मुकाट्याने एक घर सरकवणं हीच उत्तम खेळी. आणि कुठल्या त्या, हे मुलांना सांगू नका. पालक फी परत मागायला येतील, तो भाग वेगळा.