हे कुठून आणलंस?

आपल्या मंडळातल्या कुठल्याही घरी जा. दारात गणपती, हॉलमध्ये वारली चित्राची फ्रेम, जिन्याजवळ पितळेची समई आणि फायरप्लेसच्या वर कुठल्या तरी ट्रिपमधून आणलेले शंख, दगड, वाळकी लाकडं! आमचं घरही याला अपवाद नाही. 2015 मध्ये शिकागोच्या उपनगरात आम्ही घर घेतलं, तेव्हा पहिले सहा महिने भिंती कोऱ्याच होत्या. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आम्ही आयटीवाले, दोन मॉनिटर आणि एक खुर्ची मिळाली की आमचं इंटिरियर डेकोरेशन पूर्ण होतं! पण बायको म्हणाली, "भिंती रिकाम्या असल्या की घर भाड्याचं वाटतं." ते मला पटलं. जानेवारीत बाहेर सगळं पांढरं आणि करडं झालेलं असताना आत डोळ्यांना काहीतरी हवंच असतं.

मग हळूहळू घर सजलं. हॉलमध्ये मोठं वारली चित्र आलं आणि त्याच्या खालच्या शेल्फवर माझा छोटासा "संग्रह". पाहुणे आले की "वा, काय सुंदर!" म्हणायचे, आणि आम्ही ते आनंदाने ऐकून घ्यायचो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई आली. तिने हॉलमध्ये एक फेरी मारली आणि कौतुक करण्याऐवजी एकच प्रश्न विचारला, "हे कुठून आणलंस?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आईच्या पिढीला हा प्रश्न पडणं अगदी साहजिक. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती, आठवते का? कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, तारीख, सगळं त्या पातेल्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं. आमटी वाढता वाढता कळायचं की हे भांडं कोल्हापूरच्या मावशीचं. वस्तू घरात आली की ती कुणाची तरी म्हणूनच यायची. मी मात्र वस्तू "दिसते कशी" एवढंच बघत होतो.

आई पहिल्यांदा वारली चित्रासमोर उभी राहिली. माझ्या जन्माआधी ती पाच वर्षं डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिने चष्मा लावून चित्र जवळून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही बाई, ही बाई आणि ती तिकडची बाई, तिघी एकच आहेत. ठसा मारल्यासारख्या." मी बघतच राहिलो. खरंच की! इतकी वर्षं समोर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते हाताने काढलेलं चित्र नव्हतंच, मशीनवर छापलेलं कापड होतं. एका मोठ्या दुकानातून मी ते चाळीस डॉलरला आणलं होतं. मागे उलटून पाहिलं, कुणाचंही नाव नव्हतं.

मग आईने तिथल्या लग्नाची गोष्ट सांगितली. कारवीच्या काठ्यांची भिंत, तिच्यावर शेणामातीचा लेप, त्यावर गेरू. लग्नघरात सवाष्ण बायका त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकाच्या मधोमध पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते, लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही. आणि लग्न झाल्यावर? तो चौक कुणी जपून ठेवत नाही. धुराने काळवंडतो, भिंत पुन्हा सारवली की जातो. त्याचं काम झालेलं असतं.

मग हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं कसं? त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार. 1960 च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी मिथिलेतल्या बायकांना कागद देऊन भिंतीवरची चित्रं त्यावर काढायला सांगितली. म्हणजे आपण ज्याला मधुबनी म्हणतो ती चित्रंसुद्धा कागदावर येण्यात त्यांचा हात आहे. पुढे 1970 च्या दशकात ते वारली पाड्यांवर गेले आणि तिथे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा मशे भेटले. चौक काढणं हे बायकांचं काम. पण हा माणूस लग्न असो नसो, रोज चित्रं काढायचा. मशे यांनी शेत, मासेमारीचं जाळं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाच, मुंग्यांची रांग, सगळं कागदावर आणि कापडावर आणलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणजे भिंतीवरचं चित्र कागदावर आणून विकणं यात मुळात वाईट काही नाही. त्यातून माणसांना नाव मिळालं, चार पैसे मिळाले. पण माझ्या हॉलमधल्या कापडातून त्यांच्याकडे ना नाव गेलं होतं ना पैसे. आणि ते कापड दाखवून मी अमेरिकन शेजाऱ्यांना मोठ्या ऐटीत सांगत होतो, "दिस इज अवर आर्ट"!

अवर? आईने यावर जे सांगितलं ते अजून मनातून जात नाही. ती म्हणाली, "पाच वर्षं मी त्यांच्या मुलांना शिकवलं. त्यांच्या लग्नांना गेले, तिथे जेवले. पण आपल्या वाईच्या घरी त्यातलं एकही माणूस कधी जेवायला आलं नाही. मी बोलावलंच नाही. तसं कुणाला सुचलंच नाही." आईने स्वतःबद्दल असं बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलंय. ज्यांना तिथे आम्ही पानावर बसवलं नाही, त्यांची चित्रं इथे आमच्या डायनिंग टेबलच्या वर, आमची म्हणून!

आता शेल्फकडे वळतो. शेल्फवर लाल-पिवळ्या छटांचा, काचेसारखा गुळगुळीत एक तुकडा होता. तो मूठभर दगड म्हणजे एके काळचं लाकूड. मी अ‍ॅरिझोनात एम.एस. करत होतो. 2003 च्या स्प्रिंग ब्रेकमध्ये आम्ही चार देशी मित्र भाड्याच्या गाडीतून पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क बघायला गेलो. वीस कोटी वर्षांहून जुने वृक्ष तिथे दगड होऊन पडले आहेत. गाळाखाली गाडल्या गेलेल्या खोडांत पाण्यातली सिलिका शिरली आणि लाकडाच्या जागी हळूहळू स्फटिक तयार झाले. थिओडोर रूझवेल्टने 1906 मध्ये या जागेला संरक्षण दिलं, 1962 मध्ये तिचं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथून काहीही उचलायला बंदी आहे, जागोजागी पाट्या आहेत. त्या मी वाचल्या होत्या. तरीही बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि एक तुकडा खिशात टाकला. एवढ्या पसाऱ्यातून एक गेला तर काय फरक पडतो? इंजिनियरला गणित येतं, पण ते सोयीप्रमाणे!

आईने "कुठून" विचारलं, तेव्हा शेजारी माझी बारा वर्षांची लेक उभी होती. खोटं बोलणं सोपं होतं, कारण त्या भागातल्या दुकानांत खासगी जमिनीतून काढलेलं असं लाकूड रीतसर विकत मिळतं. पण माझ्या चेहऱ्यावर बहुतेक दिसलं असावं. लेक म्हणाली, "बाबा, यू स्टोल इट?" मराठी शाळेत इतकी वर्षं घालूनही अशा वेळी मुलांना इंग्रजीच आठवतं.

आम्ही दोघांनी मिळून पार्कला पत्र लिहायचं ठरवलं, आणि शोधताना कळलं की आम्ही पहिले नव्हतो. तिथे वर्षानुवर्षं लोक असे तुकडे परत पाठवत आले आहेत, सोबत माफीची पत्रं. कुणी लिहितं, दगड आणल्यापासून घरात संकटं सुरू झाली, कुणी लिहितं, झोप लागत नाही. परत आलेल्या या दगडांचा तिथे एक ढीग आहे. त्याला 'कॉन्शन्स पाइल' म्हणतात, म्हणजे सदसद्विवेकाचा ढीग म्हणा हवं तर. तो ढीग का? कारण ते दगड पुन्हा रानात टाकता येत नाहीत. कुठला तुकडा नेमका कुठून उचलला हे कुणालाच माहीत नसतं, आणि चुकीच्या जागी टाकला तर अभ्यासकांसाठी जागेचा पुरावाच बिघडतो. परत केला तरी तो परत जात नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होतो.

शेल्फवरची तिसरी गोष्ट म्हणजे आजोबांचं पंचायतन. शंकराचा बाण नर्मदेतला, विष्णूचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीतला, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीतला, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा सुवर्णमुखी. वाईचं घर 2016 मध्ये विकलं, तेव्हा रोजची पूजा करायला कुणीच तयार होईना. मी म्हणालो, मी नेतो. विमानतळावर तपासणीत बॅग उघडली, "व्हॉट इज धिस?" मी म्हणालो, "रॉक्स." तेव्हा त्या उत्तराचं मला काहीच वाटलं नाही. घरी आणून मी ते एका छान जपानी बशीत मांडले. फार सुंदर दिसायचे!

मी देवधर्म करणारा माणूस नाही. पण एक गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आली. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचं जीवाश्म, आणि त्याच्या शेजारचा माझा अ‍ॅरिझोनाचा तुकडा हेही जीवाश्मच. दोन्ही कोट्यवधी वर्षांचे, दोन्ही कुणीतरी निसर्गातून उचलून घरी आणलेले. मग फरक काय? आई म्हणाली, "तुझ्या आजोबांनी त्यांना एक दिवस पाण्यावाचून ठेवलं नाही. गावाला जायचं तर शेजारच्या जोशीकाकूंना पूजा सांगून जायचे. झेपणार नसेल तर आणायचंच नसतं रे."

माझ्या दृष्टीने यातलं खरं मर्म "आणायचं नसतं" यापेक्षा "झेपणार" या शब्दात आहे. वस्तू घरात आणली की तिच्याबरोबर एक देणं येतं. कधी ते करणाऱ्याचं नाव असतं, कधी मजुरी, कधी रोजचं पळीभर पाणी. ते देणं टाळून फक्त सौंदर्य तेवढं आणलं की वस्तूची शोभा होते.

बायको म्हणाली, "मग काय, घरात काही लावायचंच नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला एका खनिज प्रदर्शनात मिळालं. तिथे एका टेबलावर हिरवट अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक होते आणि खाली चिठ्ठी, "जळगाव, महाराष्ट्र". आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत असे स्फटिक तयार होतात आणि खडीसाठी खाणी फोडताना, विहिरी खणताना बाहेर येतात. कुणी उचलले नाहीत तर क्रशरमधून जाऊन त्यांची खडी होते. सिन्नरला गारगोटी नावाचं त्यांचं संग्रहालय आहे. निळंभोर कॅव्हन्साइट तर पहिल्यांदा इथे अमेरिकेत, ओरेगनमध्ये सापडलं, पण त्याचे जगातले नामांकित नमुने आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीचे! म्हणजे उचलणं दर वेळी चोरी नसते, कधी ते वाचवणंही असतं. तो विक्रेता आणखी एक गोष्ट म्हणाला, ठिकाणाची चिठ्ठी हरवली की नमुन्याची निम्मी किंमत गेली. आईचाच प्रश्न, फक्त इंग्रजीत! त्याच्याकडून मी एक छोटा तुकडा चिठ्ठीसकट घेतला.

छापील कापड आता बेसमेंटमध्ये आहे. डिसेंबरमध्ये भारतात गेलो तेव्हा आईबरोबर डहाणूला जाऊन एका वारली चित्रकाराकडून, त्याने सांगितलेल्या किमतीत, त्याच्या सहीचं चित्र घेतलं. त्याने आम्हाला चहा दिला. आईने त्याला वाईला यायचं आमंत्रण दिलं, आणि मग तिलाच आठवलं की ते घर आता नाही. मग तिने पुण्याच्या फ्लॅटचा पत्ता लिहून दिला. तो येईल की नाही, माहीत नाही.

पंचायतन बशीतच आहे. मी अजूनही मंत्र म्हणत नाही. पण सकाळी कॉफी होईपर्यंत त्यांना पाणी घालून पुसून ठेवतो. याला श्रद्धा म्हणायचं की शिस्त, हे मला ठरवता आलेलं नाही. आणि माझ्यानंतर लेकीला झेपेल का, हे तिला विचारायचा धीर अजून झालेला नाही.

लेकीने मात्र शेल्फवरच्या प्रत्येक वस्तूखाली एकेक चिठ्ठी ठेवली आहे, मराठीत, तिच्या गोलगोल अक्षरात. कुठून, कुणी, कधी. दगडी लाकडाच्या रिकाम्या जागीही एक चिठ्ठी आहे : "इथे बाबाने 2003 मध्ये न विचारता आणलेला दगड होता. परत पाठवला." आता पाहुणे आले की सगळ्यात आधी तिथेच थांबतात आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.