एका शब्दांत ओळखलेला माणूस

कल्याणाहून कर्जतकडे जाणारी गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें घेत डोंगराच्या बाजूस जाते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें पोटापाण्यासाठीं ह्याच पट्ट्यांत येऊन राहिलीं आहेत. त्यांस भेटावयास येणाऱ्या वडील मंडळीस हीं गांवें ठाऊक आहेत; ज्यांस ठाऊक नाहींत त्यांजकरितां थोडी हकीकत सांगितली पाहिजे. कारण ज्या प्रश्नाविषयीं आज आम्ही लिहीत आहों तो ह्या गाडीच्या डब्यांत, ह्या गांवांच्या चाळींत, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, आमच्या प्रार्थनामंदिरांतहि उभा राहतो. प्रश्न असा: ज्यानें स्वतः तिरस्कार सोसला आहे तो दुसऱ्याचा तिरस्कार करावयाचें सोडतो काय?

अंबरनाथ फार जुनें. तेथील शिवालयांतील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष असून शिलाहार राजा मुम्मुणि ह्याचें नांव आहे. बदलापुराविषयीं लोक सांगतात कीं, पूर्वीं येथें वाटसरू आपले घोडे बदलीत म्हणून हें नांव पडलें. खरेंखोटें देव जाणे. उल्हासनगर मात्र आमच्या आजोबांच्या काळांत जन्मास आलेलें गांव आहे. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें कल्याणाजवळ लष्करासाठीं छावणी वसविली होती. युद्ध संपलें, शिपाई गेले, आणि सन १९४७ च्या फाळणीनंतर त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेलीं कुटुंबें उतरविण्यांत आलीं. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनीं कोनशिला बसविली व वस्तीस जवळच्या उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीचे पांच भाग होते; आजहि माणसें पत्ता सांगतांना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेंच म्हणतात.

ह्या लोकांचें दुःख इतर निर्वासितांहून एका गोष्टींत निराळें होतें. पंजाब व बंगाल ह्यांचे दोन तुकडे झाले. तेथून निघालेल्या माणसास आपली भाषा बोलणारा अर्धा मुलूख तरी इकडे उरला. सिंध प्रांत सबंध पलीकडे गेला. सिंधी माणसास 'हा आमचा जिल्हा' असें म्हणावयास हिंदुस्थानांत वीतभर जागा उरली नाहीं. त्यांच्या भाषेस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळावयास सन १९६७ उजाडावें लागलें. राष्ट्रगीतांतून सिंध हा शब्द काढावा असा अर्जहि कोणी सर्वोच्च न्यायालयांत केला होता; न्यायालयानें तो सन २००५ मध्यें फेटाळला. एका शब्दासाठीं एवढें कां, असें कोणी विचारील. पण ज्याच्याजवळ जमीन राहिली नाहीं त्याच्याजवळ शब्दच राहतो.

त्यांस आपण कोणता शब्द दिला? निर्वासित. हिंदी बोलणारे 'शरणार्थी' म्हणत. ह्या लोकांस तो शब्द सोसवत नसे. आम्ही शरण आलेले नव्हे, पुरुषार्थी आहों, असें ते म्हणत. हें त्यांनीं करूनहि दाखविलें. बराकींत गोणपाटाचे पडदे लावून दोन दोन कुटुंबें राहिलीं, बाया पापड लाटीत, पुरुष व मुलें आगगाडींत खाऊ विकीत. पुढें कापड, मिठाई, लाकडी सामान, अलीकडे जीनच्या विजारी, असे धंदे तेथें वाढले. आणि धंदे वाढले तसा एक विनोदहि वाढला, तो आमच्या वाचकांनीं ऐकला असेलच. तेथल्या मालावर 'यू. एस. ए.' असा शिक्का असतो, आणि त्याचा अर्थ अमेरिका नव्हे, तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'!

नकली माल तेथें कधींच झाला नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. झाला, आणि इतर शहरांतहि झाला. खोटा माल परत करावा, दुकानदारास जाब विचारावा, हें योग्यच आहे. पण तो विनोद मालाविषयीं नाहीं. तो माणसांविषयीं आहे, आणि ज्यानें कधीं कांहीं बनविलें नाहीं त्याच्यावरहि तो लागतो.

हें आम्हीं फार उशिरां ओळखलें. गेल्या सुगीच्या सणास उपासना संपल्यावर मंडळी एकत्र जेवावयास बसली असतां एका तरुणानें हाच विनोद सांगितला. सर्व हंसले. आम्हीहि हंसलों. पंगतीच्या शेवटीं एक वृद्ध सिंधी गृहस्थ बसले होते. शेजाऱ्याच्या ओळखीनें तीन चार आठवडे ते उपासनेस येत होते. तेहि हंसले. पुढच्या रविवारीं ते येणार नाहींत असें आम्हांस वाटलें. पण ते आले, आणि नेहमींच्या जागीं बसले. ह्याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटलें. हें हंसणें त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. त्या आठवड्यांत आम्ही त्यांच्या घरीं गेलों. त्यांचा जन्म बराकींतला. आई पापड लाटी, वडील ते गाडींत विकीत. आम्ही क्षमा मागूं लागलों तेव्हां ते म्हणाले, "साहेब, जाऊं द्या. लहानपणापासून ऐकतों आहे. तुमच्या लोकांनाहि लोक कांहीं म्हणत असतीलच कीं."

म्हणतात. 'बाटगे' म्हणतात. 'मिशनचे लोक' म्हणतात, आणि त्यांत काय अर्थ भरलेला असतो तो खेड्यांतल्या आमच्या प्रत्येक उपदेशकास ठाऊक आहे. ज्यांच्या आजापणज्यांनीं दुष्काळाच्या सालांत बाप्तिस्मा घेतला त्यांच्या नातवंडांस आजहि ऐकावें लागतें कीं, तुम्ही धान्यासाठीं धर्म बदलला. त्या माणसाची श्रद्धा किती, त्यानें पुढें काय काय सोसलें, हें कोणी विचारीत नाहीं. एक शब्द उच्चारला कीं काम संपलें. हें इतकें ज्यांस ठाऊक त्यांच्याच पंगतींत तो विनोद सांगितला गेला, आणि त्यांच्या पाळकास हंसूं आलें.

तेव्हां प्रारंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर, निदान आमच्या अनुभवानें, 'नाहीं' असें आहे. सोसल्यानें माणूस आपोआप शहाणा होत नाहीं. उलट पायरीवर खालीं उभा असलेला माणूस आपल्याखालीं आणखी एक पायरी आहे ना, हें चाचपून पाहतो. ती सांपडली कीं त्यास थोडें बरें वाटतें. ह्या खोऱ्यांत सगळ्यांत खालची पायरी कातकऱ्याची. जो तो त्याच्याकडे बोट दाखवितो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांतील नथनेलाची गोष्ट आपण सर्व जाणतों. त्यानें येशूविषयीं जें ऐकलें त्यांतून एकच गोष्ट उचलली, ती त्याच्या गांवाचें नांव. आणि तेवढ्यावर निकाल दिला. आम्ही उपदेशक सहसा नथनेलाच्या चुकीवर बोलून थांबतों. पण त्या ठिकाणीं आणखी दोन गोष्टी आहेत. फिलिप्पानें वाद घातला नाहीं, नासरेथाची थोरवी सांगितली नाहीं. त्यानें मित्रास येऊन पाहावयास सांगितलें. आणि प्रभूनें त्या मनुष्यास आल्याबरोबर दोष दिला नाहीं, त्याच्या निष्कपटपणाची स्तुति केली. म्हणजे ज्याचें मन अजून पूर्वग्रहानें भरलेलें आहे त्याचाहि प्रभूनें स्वीकार केला. पूर्वग्रह गेल्यावर ये, असें तो म्हणाला नाहीं.

ह्यास वेळ लागतो हेंहि आपल्याच लोकांच्या इतिहासांत आहे. कै. नारायण वामन टिळक ह्यांनीं ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं तो सन १९०० मध्यें घेतला. मधलीं वर्षें कशीं गेलीं, सोंवळें व स्वतंत्र चूल कशी सांभाळली, आणि तें सर्व मनांतून कसें सुटत गेलें, तें बाईंनीं 'स्मृतिचित्रें' ह्या आपल्या पुस्तकांत मोकळेपणानें लिहिलें आहे. ज्या उपदेशकाच्या घरीं तें नसेल त्यानें मिळवून वाचावें.

आतां ज्या प्रकरणामुळें हा लेख लिहावा लागला तें सांगतों. बदलापुरांत आमच्या मंडळींतील एका वडीलधाऱ्या बंधूंची एक खोली चार महिने रिकामी आहे. विटभट्टीवर राबणारें एक कातकरी कुटुंब ती भाड्यानें मागत आहे. मुलगी शाळेंत टिकावी म्हणून भट्टी सोडून गांवांत राहावें, एवढीच त्यांची इच्छा. बंधु नाहीं म्हणतात. ते लोक पितात, घाण करतात, एक दिवस न सांगतां निघून जातात, शेजारी नांवें ठेवतील. हेच बंधु तरुणपणीं घाटावरच्या आपल्या गांवीं हॉटेलाबाहेर निराळ्या कपांत चहा प्यालेले आहेत. बदलापुरास आले तेव्हां आडनांव ऐकून त्यांसहि दोन दारांवरून परत पाठविलें होतें. हें आम्हीं त्यांस आठवून दिलें तेव्हां ते म्हणाले, "पाळकसाहेब, तें खरें. पण घर माझें आहे. मला एवढी मोकळीक नाहीं काय?"

हा आक्षेप हलका नाहीं. ता. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत असलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता बंद केली, विहिरी, दुकानें व खाणावळी सर्वांस खुल्या केल्या, आणि देशांत कोठेंहि राहण्याचा हक्क प्रत्येकास दिला. परंतु खाजगी घराच्या उंबरठ्याशीं कायद्याचा हात पुष्कळदां आखूड पडतो. सन २००५ मध्यें अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असेंहि ठरविलें कीं, संस्थेनें आपल्याच समाजाच्या लोकांस सभासद करण्याचा नियम ठेवणें बेकायदेशीर नाहीं. लहान समाजांस एकत्र राहावेंसें वाटतें, त्यांत सर्वच द्वेष असतो असें आम्हीहि म्हणणार नाहीं. तेव्हां आमच्या बंधूंस मोकळीक आहे, हें कबूल.

पण ती त्यांनीं वापरली काय? आमची शंका ही आहे. त्या कातकरी मनुष्यास ते भेटलेले नाहींत. तो पितो कीं नाहीं, हें त्यांस ठाऊक नाहीं. भट्टीवाल्याजवळ त्याची चौकशी केलेली नाहीं. जातीचें नांव कानीं पडलें आणि निकाल लागला. तो त्यांनीं लावला नाहीं, त्या शब्दानें लावला, आणि तो शब्द त्यांच्या मनांत दुसऱ्यांनीं घातलेला. त्या गृहस्थास समोर बसवून, चार गोष्टी विचारून, भाडें देण्याची त्याची ऐपत पाहून, मग ते नाहीं म्हणाले असते तर तो त्यांचा स्वतःचा निर्णय झाला असता, आणि आम्हीं त्यांस पुन्हां त्रास दिला नसता. आज जें झालें आहे त्यास मोकळीक म्हणावयास आमचें मन घेत नाहीं. हॉटेलवाल्यानें निराळा कप पुढें केला तेव्हां तोहि आपल्या मर्जीचा धनी आहे असेंच समजत असेल.

कांहीं वाचक विचारतील कीं, घरांतली गोष्ट पाळकानें वर्तमानपत्रांत कां आणावी. बंधूंचें नांव आम्हीं दिलेलें नाहीं, आणि लेख छापण्यापूर्वीं त्यांस वाचून दाखविला आहे. त्यांनीं एका ठिकाणीं दुरुस्ती सांगितली: परत पाठविणारीं दारें दोन नव्हतीं, पांच होतीं. आम्हीं मूळचा शब्द तसाच ठेवला आहे, कारण हें सांगतांना ते बराच वेळ गप्प बसले, तें वाचकांस कळावें.

खोली अद्याप रिकामी आहे. येत्या गुरुवारीं संध्याकाळीं आम्ही पुन्हां त्यांच्याकडे जाणार आहों. त्या कुटुंबासहि भट्टीवरून बरोबर घेऊन येऊं असें त्यांस कळविलें, तेव्हां त्यांनीं होय म्हटलें नाहीं, नाहींहि म्हटलें नाहीं. मुलगी कितवींत आहे, एवढेंच विचारलें.