पतंगाचे कूळ आणि आपले कर्तव्य

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत पतंगाची गणना आहे. रूपाला भुलून ज्योतीवर झेप घेणारा हा जीव अविवेकाचा दाखला म्हणून आपल्या कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. फुलपाखराच्या वाट्याला मात्र कौतुकच आले. लोकव्यवहाराने या दोघांची कुळे वेगळी मानली आणि आदरही निराळ्या मापाने वाटला. हा कुळभेद खरा आहे काय, आणि तो खोटा ठरल्यास आपल्या वर्तनात काही पालट करावा लागतो काय, या दोन प्रश्नांचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिला प्रश्न पुराव्याचा आहे. न्यायालयात वारसा सांगणाऱ्याला वंशावळ दाखवावी लागते, आणि वंशावळीला कागदाचा आधार लागतो. जीवसृष्टीत असा एक कागद प्राण्यांच्या पेशींतच सापडतो. पेशीला शक्ती पुरविणाऱ्या तंतुकणिकांपाशी मुख्य जनुकसंचाहून वेगळा असा एक छोटा, वर्तुळाकार जनुकसंच असतो. फुलपाखरे व पतंग यांच्यात तो साधारणतः १५ ते १६ हजार अक्षरांचा असून त्यात बहुधा ३७ जनुके असतात. तो संततीला मातेकडून मिळतो. आपले गोत्र पित्याकडून चालते. हे गोत्र आईकडून चालते, इतकेच.

एखाद्या दस्तऐवजाच्या दोन नकलांत एकच चूक एकाच जागी आढळली, तर दोन्ही नकला एकाच प्रतीवरून उतरल्या असे आपण अनुमान करतो. येथेही तेच घडले आहे. कीटकांच्या या जनुकसंचात तीन लहान जनुके पूर्वापार एका ठराविक क्रमाने येतात. बहुसंख्य पतंगांत तो क्रम पालटलेला आहे, आणि फुलपाखरांतही नेमका तसाच पालटलेला आहे. ‘हेपिआलिडी’ या प्राचीन पतंगकुळात मात्र जुना क्रम टिकून राहिला आहे. म्हणजे ते कूळ आधी वेगळे झाले, क्रम नंतर बदलला, आणि त्या बदललेल्या शाखेतून पुढे बाकीचे बहुतेक पतंग व फुलपाखरे निघाली. फुलपाखरू हे पतंगांच्याच वंशवृक्षाची, दिवसा उडू लागलेली एक फांदी आहे.

एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे मात्र येथेही पाळावे लागते. मातेकडून येणारा कागद मातेचीच बाजू सांगतो. शिवाय तो कधी फितूरही होतो. ‘वोल्बाकिया’ नावाचा जीवाणू कीटकांच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, आणि तो पसरला की त्याच्या जोडीने मातेच्या तंतुकणिकाही पसरतात. आफ्रिकेतील ‘अॅक्रिया’ फुलपाखरांच्या दोन जातींत संकरामुळे एकीच्या तंतुकणिका दुसरीत शिरल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा दुसरी साक्ष हवीच. ती मुख्य जनुकसंचाने दिली आहे. २०२३ साली सुमारे २३०० जातींच्या ३९१ जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीनुसार फुलपाखरे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांत पतंगांपासून उत्पन्न झाली. दोन्ही साक्षी जुळल्या. कुळभेदाचा दावा फेटाळला गेला.

आता दुसरा प्रश्न. नाते सिद्ध झाले म्हणून कर्तव्य सिद्ध झाले काय? आमच्या मते नाही. नात्यावरूनच कर्तव्य मोजावयाचे म्हटले, तर सर्व जीवसृष्टीच एका मुळाची आहे. मग गव्हातल्या किड्यापासून रोगाच्या जंतूपर्यंत सर्वांचे देणे सारखेच होईल, आणि सर्वांना सारखे असलेले देणे कोणीच फेडीत नाही. कायदाही पालकाला जबाबदार धरतो तो केवळ रक्तासाठी नव्हे. दुसऱ्याचे जीवन ज्याने आपल्या ताब्यात घेतले, त्याच्यावर तो ताबाच जबाबदारी आणतो.

या कसोटीवर एक पतंग आपल्या अगदी जवळचा ठरतो. तो आपल्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचला आहे. रेशमाच्या किड्याची आईकडील वंशावळ पाहिली, तर तो जपानी रानपतंगापेक्षा चिनी रानपतंगाला अधिक जवळचा आहे. हजारो वर्षे पाळला गेल्यामुळे आज त्याला उडता येत नाही. माणसावाचून त्याचा वंश टिकावयाचा नाही. पतंग बाहेर पडताना कोश भेदतो आणि अखंड धागा तुटतो, म्हणून त्याला कोशातच वाफेने किंवा उष्णतेने मारतात. एका रेशमी सोवळ्यामागे असे हजारो कोश असतात. ते नेसून आपण भूतदयेचे स्तोत्र म्हणतो.

यावर कोणी म्हणेल की ही रूढी पुरातन आहे, आणि तिच्यावर शेतकऱ्यांचे व विणकरांचे संसार चालतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून आम्ही रेशमाचा निषेध करीत नाही. पतंग निघून गेल्यावर फुटक्या कोशापासून सूत कातण्याची रीतही आहे. तसा सुटलेला पतंग काही खात नाही, थोडेच दिवस जगतो. पण ते थोडे दिवस हेच त्याचे पंखांचे सारे आयुष्य असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की ‘क्षुद्र किडा’ ही सबब आता टिकत नाही. ज्याच्या भाऊबंदाला आपण बागेत कौतुकाने पाहतो, त्याचाच प्राण घडी घातलेल्या वस्त्रात आहे. आजोबांचे सोवळे धड असताना नवे घेऊ नये, घ्यावयाचेच तर फुटक्या कोशाच्या सुताचे मिळते काय हे विचारावे, आणि धुतलेले सुती वस्त्र देवाला कमी पडते असे मानू नये. एवढे जरी घडले तरी अवधूताच्या त्या गुरूचे थोडे ऋण फिटेल.