साडेतीन सेकंदांचा हिशेब

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबई विमानतळाला गर्दीच्या वेळची तासाची उड्डाणं-उतरणं 46 वरून 44 वर आणायला लावली. एवढ्याने काय साधणार? 46 म्हणजे दर 78.3 सेकंदांना एक विमान, 44 म्हणजे 81.8. फरक साडेतीन सेकंदांचा. पण त्या काळात विमानं मुंबईवर 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालत होती, आणि मंत्रालयाच्याच हिशेबाने 40 मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे 1,700 लिटर इंधन जळतं.

रांगेचं गणित असंच आडमुठं असतं. वेळापत्रकात फट असेल तर उशिरा आलेलं विमान तिच्यात सामावून जातं. फटच नसेल तर सकाळची चूक दुपारपर्यंत पुढे ढकलली जाते. त्यात अवजड विमानामागे हवेचे भोवरे उठतात, म्हणून मागच्या छोट्याला जास्त अंतर राखावं लागतं. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. एका वेळी एकीवरच भागवायचं.

हे संगणकावर मांडून बघणं नवं नाही. ‘सिमॉड’, ‘टॅम’ यांसारखी साधनं एकेका विमानाची हालचाल दाखवतात. गोची वेगळीच आहे: धावपट्टीचं प्रारूप एकाकडे, टर्मिनलचं दुसऱ्याकडे, आवाजाचं तिसऱ्याकडे. धावपट्टीवाल्याने चार विमानं वाढवली, तरी ती उभी कुठे करायची आणि बॅगांच्या बेल्टभोवती किती माणसं जमतील, हे त्याच्या पडद्यावर दिसत नाही. या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय संघाच्या ‘ओपल’ प्रकल्पाने अशी साधनं एकत्र जोडून पाहिली.

तरी जे प्रारूपात भरलंच नाही, ते बाहेर कसं येणार?

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल 27 मार्च 2008 रोजी सुरू झालं, तेही हजारो स्वयंसेवकांना घेऊन रंगीत तालमी केल्यावर. पहिल्याच सकाळी कर्मचाऱ्यांना गाड्या लावायला जागा सापडेना. चाचणीपुरती बसवलेली सॉफ्टवेअरची एक चाळणी काढायची राहून गेली होती. तिने बॅगांचे संदेश अडवले. पुढच्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली.

मुंबईच्या बाबतीत मंत्रालयाने दिलेली कारणंही याच जातीची: कोंबून वाटलेले स्लॉट, ते न पाळणाऱ्या कंपन्या, ऐन गर्दीत उतरणारी खासगी विमानं. यातलं काहीच डांबर-काँक्रीटचं नाही.

आता नवी मुंबईच्या विमानांनाही याच आकाशात वाट काढायची आहे. दोन्ही विमानतळांचं प्रारूप एकत्रच करायला हवं. तासाला किती विमानं, हा आकडा जाहीर होतो; त्यापायी किती मिनिटांचा उशीर गृहीत धरला आहे, तेही तिकीट काढणाऱ्याला सांगून टाकावं.