शिकणाऱ्याच्या वतीने कोण बोलणार?



आपल्या वस्तीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग काढायचे ठरले म्हणजे प्रथम सभा भरते. अध्यक्ष बोलतात, मास्तर बोलतात, कॉलेजात जाणारी मुले तावातावाने बोलतात. ज्यांनी वर्गात बसायचे ती माणसे सतरंजीच्या कडेला बसून ऐकतात. निरक्षराला आपले हित कळत नाही, म्हणून शिकलेल्याने त्याच्या वतीने बोलावे, असे आपण धरून चालतो. हे न्याय्य आहे काय?

हाच युक्तिवाद आपल्याविरुद्ध किती काळ वापरला गेला ते आठवा. अस्पृश्यांचे भले आम्ही पाहतो, त्यांनी बोलण्याचे कारण नाही, असे सांगणारे सभ्य गृहस्थ थोडे नव्हते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी ठामपणे मांडले की, अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यच मांडू शकतो. पुढच्याच वर्षी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाला.

त्याच्याही कितीतरी आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. तिच्या वतीने जोतिरावांना लिहिता आले नसते काय? आले असते, पण मग तो एका थोर पुरुषाचा कळवळा झाला असता. ज्यांच्या गळ्याशी तो प्रश्न आला होता, ते मुकेच राहिले असते.

आणि नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी काय घडले? अक्षरशत्रू म्हातारीच्या वतीने तिच्या शिकलेल्या मुलाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या नाहीत. तिने त्या स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. धम्म स्वीकारण्याइतकी बुद्धी तिला आहे, पण वर्ग कसा असावा हे सांगण्याइतकी नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

कोणी म्हणेल, धड्यांचा क्रम विद्यार्थ्याला काय ठाऊक? आक्षेप अगदीच खोटा नाही. कोणते अक्षर आधी घ्यावे हे मास्तराने ठरवावे. पण वर्ग कोणत्या वेळी भरावा, काय वाचता यावे म्हणून शिकायचे आणि शिकताना मान कुठे खाली जाते, हे शिकणाराच जाणतो. चूलपंथकाची कथा आपण ऐकली असेल. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्याला संघातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला हाकलले नाही. हातात स्वच्छ वस्त्राचा तुकडा देऊन ते चोळीत बसायला सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. तथागतांनी शिष्य बदलला नाही, रीत बदलली.

मी स्वतः ही चूक केली आहे. विहारातील वर्गाला बाया येईनाशा झाल्या, तेव्हा बुद्धजयंतीच्या सभेत, आमच्या भगिनींना शिक्षणाची आस्था नाही, असे मी ठणकावले. सभा उठल्यावर एक आजी जवळ आल्या. “गुरुजी, नळाला पाणी आठलाच येतं अन् तुमचा वर्गबी आठलाच. आस्था काय हंड्यात भरू?” मी ओशाळलो. त्या थांबल्या नाहीत. “सहीच शिकवता. उद्या अंगठ्याच्या जागी सही घेतील. कागदात काय लिवलंय ते कधी कळायचं?”

दुसरे वाक्य मला रात्रभर झोंबले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात अक्षरओळखीबरोबर जाणीवजागृतीही सांगितली होती. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, आता २०२२ पासून ‘उल्लास’ आहे. योजना येत राहतात. पण सही येणारी डोकी मोजून अहवाल भरणाऱ्या माझ्यासारख्याला ती जाणीव आजींनी दिली.

वर्ग नऊवर नेला. पुस्तक बाजूला ठेवून रेशनकार्ड, विजेचे बिल आणि सोसायटीचा कर्जरोखा पुढे घेतला. निम्म्या बाया परत आल्या. बाकीच्या का आल्या नाहीत हे विचारायला मी त्यांच्या दारी फार उशिरा गेलो. तोवर दोघी मुलाकडे मुंबईला निघून गेल्या होत्या. आजी मात्र येतात. परवा त्यांनी कर्जरोख्यावरच्या व्याजाच्या ओळीवर बोट ठेवले आणि पुढचा महिनाभर फक्त हिशेब शिकवा, असे सर्वांसमक्ष सांगितले.