प्रेषकाचा पत्ता

पत्रावर प्रेषकाचा पत्ता प्रेषकच लिहितो. टपालखाते तो पडताळीत नाही. संगणकांच्या जाळ्यातही १९८१ साली ठरलेल्या संकेतानुसार प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागी प्रेषकाचा ३२ बिटांचा पत्ता असतो. एरवी तो संगणकाची कार्यप्रणालीच भरते. परंतु सी भाषेत ‘रॉ सॉकेट’ उघडणारास ते शीर्ष स्वहस्ते रचता येते, आणि मग तेथे कोणाचाही पत्ता घालता येतो.

म्हणून साधनच त्याज्य मानावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जाळ्यातील दोष हुडकणारास त्याची गरज पडतेच. लिनक्समध्ये ही मुभा सर्वाधिकाऱ्यास वा त्याने अधिकार दिलेल्यासच असते. पण सर्वाधिकारीही माणूसच! (कचेरीचा शिक्का कोणाच्या खणात असतो, हे वाचकांस सांगणे नको.)

खोट्या पत्त्याने केलेल्या पृच्छांची उत्तरे मात्र ज्याने काहीच विचारले नाही, त्याच्या दारी कोसळतात आणि त्याचे दार बुजते. पॅकेट जेथून निघते त्या पहिल्याच नाक्यावर पत्ता तपासावा, अशी शिफारस २००० साली झाली. परंतु तपासणीचा खर्च नाकेदाराचा आणि लाभ कोणा दूरच्या अनोळखी माणसाचा. त्या अनोळखी माणसाचे आपण काही देणे लागतो काय? लागतो, असे आमचे मत आहे. अनेक नाकेदारांचे मात्र अद्यापि तसे दिसत नाही.